चवीपुरते

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणातून पाककृतींचे एक पुस्तक खाली उतरते. त्याचा पुठ्ठा केव्हाच गेला आहे, आणि चकलीचे पान तेल पिऊन इतके पारदर्शक झाले आहे की पाठीमागचे शंकरपाळे त्यातून दिसतात. भाजणी किती वाट्या, मोहन किती चमचे, पाणी किती ऊन, सारे त्यात मोजूनमापून दिले आहे. पण प्रत्येक कृतीच्या अखेरीस लेखिकेची वाटी आणि चमचा दोन्ही हरवतात, आणि ती लिहून मोकळी होते: मीठ चवीपुरते.

मी पडलो मराठीचा मास्तर. गेली वीस वर्षे कॉलेजात मुलांना शब्दांचे अर्थ सांगून पोट भरतो. 'चवीपुरते' हा शब्द मला नेहमीच लबाड वाटत आला आहे. चवीपुरते म्हणजे कुणाच्या चवीपुरते? करणाऱ्याच्या, खाणाऱ्याच्या, की पुस्तक लिहिणाऱ्या बाईंच्या? या शब्दाचा अर्थ मला गेल्या मे महिन्यात कळला, आणि तो अशा एका पदार्थामुळे कळला की त्याचे नाव काढताच या सदराचे काही नेहमीचे वाचक अंक मिटून ठेवतील. तो पदार्थ म्हणजे बिअर. तीही घरी केलेली.

थांबा, अंक मिटू नका. मी स्वतः पीत नाही. यात तत्त्वाचा भाग थोडा आणि पित्तप्रकृतीचा फार. शिवाय आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून घरी असले काही करणे हा गुन्हा आहे, तेव्हा हा लेख कृती म्हणून कुणी कात्रून ठेवू नये. ही हकीकत मँचेस्टरची आहे. तेथे माझा धाकटा भाऊ गेली सतरा-अठरा वर्षे इंजिनियरकी करतो. इंग्लंडात १८८० पासून घरी बिअर करायची तर सरकारी परवाना काढावा लागे. १९६३ साली ती अट उठली. तेव्हापासून तेथील कित्येक गृहस्थ आपल्या घरी, आपल्यापुरती बिअर करतात. विकायची मात्र नाही. आमच्याकडे जसे शेजारी शेजाऱ्याला लोणच्याची फोड चाखायला देतात, तसे ते एकमेकांना बाटल्या देतात आणि लोणच्याइतकीच खोटी स्तुती करतात.

आमच्या बंधुराजांना हा नाद लागला त्याला आता दोन वर्षे झाली. त्याच्या घराच्या कोपऱ्यावर एक पब आहे. तेथे मिळणारी 'बिटर' नावाच्या जातीची बिअर त्याला फार आवडे. अगदी तशीच घरी करावी असे त्याच्या मनाने घेतले. त्याने पुस्तक आणले, मोठे पातेले आणले, झाकणाची बादली आणली, आणि पुस्तकाबरहुकूम पहिला घाणा केला. महिन्याने बाटली उघडली. रविवारी रात्री नेहमीप्रमाणे फोन आला.

"दादा, बिघडली."

"काय झालं?"

"काही विशेष नाही. पण आवडली नाही."

"म्हणजे नक्की काय आवडलं नाही?"

यावर बंधुराज गप्प. शेवटी म्हणाला, "फार कडू झाली."

बिअर मुळात कशी होते ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचे समजेल. ऐवज चारच: पाणी, जव, हॉप्स आणि यीस्ट. आपण नाचणीला मोड आणून, वाळवून सत्त्व करतो ना, तसे जवाला मोड आणून भट्टीत वाळवतात. त्याला म्हणतात माल्ट. तेवीस लिटर बिअरला चार किलो साधा माल्ट आणि पाव किलो रंगाचा, किंचित जळक्या साखरेच्या चवीचा माल्ट, असे त्याचे प्रमाण होते. हे भरडून कढत पाण्यात तासभर भिजत ठेवायचे. दाण्यातल्या पिठाची त्या उबेत साखर होते. मग तो गोड काढा गाळून घ्यायचा, उरलेल्या चोथ्यावर गरम पाणी ओतून राहिलेला गोडवा धुऊन काढायचा, आणि सगळे मिळून तासभर उकळायचे. उकळताना त्यात हॉप्स घालायचे. ही एका वेलीची बोंडासारखी फुले. चवीला कडू, वासाला सुरेख. निवल्यावर यीस्ट घालून आठवडाभर आंबवायचे. आंबोळीचे पीठ ज्या न्यायाने फुगते त्याच न्यायाने हे फसफसते.

आता फार कडू झाली म्हटल्यावर त्याने सरळ हॉप्स निम्मे केले. मनुष्य इंजिनियर असला तरी स्वयंपाकघरात शिरला की शास्त्र उंबऱ्याबाहेर ठेवतो. हॉप्स निम्मे केलेच. त्या भरात रंगाचा माल्ट दुप्पट केला, यीस्ट दुसरे आणले आणि खोलीतला हीटरही वाढवला. महिन्याने पुन्हा फोन.

"दादा, आता गुळमट झाली. आणि तरीही कडूच!"

गुळमट आणि कडू! माझ्यातला मास्तर जागा झाला. मी विचारले, "प्यायल्यावर जिभेला काय होतं ते सांग. औषध घेतल्यासारखं वाटतं?"

"नाही रे. जीभ कोरडी पडते. टाळ्याला चिकटते. आपण लहानपणी शाळेमागची जांभळं खायचो ना, तसं काहीतरी."

"अरे, मग ते कडू नव्हे. ते तुरट!"

पलीकडे बराच वेळ शांतता. माझ्या एम.ए.च्या पदवीचा आमच्या कुटुंबाला झालेला हा पहिला व्यावहारिक उपयोग. पण त्याचा तरी काय दोष? चवीच्या शब्दांत घोटाळा जुनाच आहे. आयुर्वेदातला 'कटु' म्हणजे तिखट, आणि आपले 'कडू' त्याला तिकडे 'तिक्त' म्हणतात. शब्द तोच राहिला आणि चव मात्र हजार वर्षांत मिरीवरून कडुनिंबावर जाऊन बसली! तुरटाचे मूळ नाव 'कषाय'. सहा रसांत त्याला मानाचे पान आहे, पण आपण बोलताना त्याला विसरतो आणि जीभ वाकडी करणाऱ्या प्रत्येक गोष्टीला कडू म्हणून मोकळे होतो.

कडूपणा हॉप्सचा असतो. तुरटपणा येतो तो बहुधा जवाच्या सालीतून. चोथा धुण्याचे पाणी अठ्ठ्याहत्तर अंशांच्या वर तापले, किंवा हावरेपणाने फार वेळ धूत बसले, की सालीतला तुरटपणा उतरतो. चहाची भुकटी फार उकळली की जे होते तेच हे. बंधुराज जवळजवळ उकळते पाणी ओतत होते. रोग सालीत, आणि हा औषध देत होता हॉप्सना! तिसऱ्या घाण्याला त्याने हॉप्स पुस्तकाप्रमाणे पूर्ववत केले, बाकीचेही सारे मूळपदावर आणले, आणि फक्त धुण्याचे पाणी बेताचे ठेवले. तुरटपणा गेला.

मला यात शिकण्यासारखे हे वाटले की आपल्या चवीप्रमाणे फेरफार करण्याचा आपल्याला अधिकार आहे खरा. परंतु त्याआधी आपल्याला काय खटकते त्याचे नाव घेता आले पाहिजे. 'आवडले नाही' हे दुखणे झाले, निदान नव्हे.

दुसरा धडा त्याला बिअरचे सामान विकणाऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने दिला. तो म्हणाला, एका वेळी एकच गोष्ट बदल आणि लिहून ठेव. ऐकायला हे फार सोपे. पण एक बदल केला की त्याचा निकाल कळायला महिना लागतो. पाच बदल एकदम केले तर निकाल महिन्यातच लागतो, फक्त तो कशाचा लागला ते कळत नाही. मनुष्याला धीर नसतो, म्हणून तो पाच बदलतो. कॉलेजातले अभ्यासक्रम कसे बदलतात ते मी पाहिले आहे, तेव्हा या विषयावर अधिक बोलत नाही.

गेल्या मेमध्ये आम्ही उभयता प्रथमच मँचेस्टरला गेलो तेव्हा ती वही मला पाहायला मिळाली. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी, इथूनच नेलेली. प्रत्येक घाण्याला क्रमांक, तारीख, वजने, उष्णतामान. आमचा दूधवाला ज्याला घाबरायचा त्या लॅक्टोमीटरचा चुलतभाऊ हायड्रोमीटर त्याच्याकडे आहे. आंबवण्यापूर्वी काढ्याची घनता १.०४० आणि नंतर १.०१०, म्हणजे मद्यार्क सुमारे चार टक्के, असे हिशेब. आणि खाली 'या वेळचा बदल' अशी एकच ओळ.

क्रमांक चारला लिहिले होते: जव भिजवण्याचे पाणी ६५ ऐवजी ६८ अंश. तीन अंशांनी असे काय बिघडते, असे मी विचारले. तर त्याने समजावले की कमी उष्णतेत जवळजवळ सर्व पिठाची यीस्टला पचेल अशी साखर होते. ती यीस्ट खाऊन टाकते आणि बिअर पातळ, कोरडी होते. थोडी उष्णता वाढवली की काही भाग न पचणारा राहतो, आणि घोटाला अंग येते. आमटी पळीवाढी हवी की दाट, तसा हा प्रश्न. त्याला दाट हवी होती.

क्रमांक पाच: वीस ग्रॅम हॉप्स अखेरच्या दहा मिनिटांत अधिक. हॉप्स आरंभी घातले तर उकळून उकळून कडूपणा उतरतो, पण वास वाफेबरोबर निघून जातो. अखेरीस घातले तर कडूपणा बेताचा आणि वास मात्र राहतो. हे सौ.ला सांगताच ती म्हणाली, "त्यात काय? कोथिंबीर कुणी फोडणीत जाळतं का?"

क्रमांक सहा पाण्याचा. मँचेस्टरचे पाणी डोंगरातल्या तळ्यांतून येते, फार मऊ. बिटरसाठी प्रसिद्ध असलेल्या बर्टन गावच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर, आणि त्यामुळे तिथल्या बिअरच्या कडूपणाला एक धार येते. म्हणून त्याने पातेल्यात चहाचा एक चमचा जिप्सम टाकून पाहिले. सातवा उष्णतेचा: आंबताना बादली अठरा-एकोणीस अंशांत ठेवायची. हीटरजवळ ठेवलेल्या दुसऱ्या घाण्याला पिकल्या केळ्याचा वास का मारत होता, ते त्याला तेव्हा उमगले.

आम्ही असताना त्याने आठवा घाणा केला. काढा उकळताना त्याने मला चमचाभर चाखायला दिला. अजून यीस्ट पडायचे होते, तेव्हा माझ्या व्रताला बाध नव्हता. गोड, आणि मागून कडू. गुढीपाडव्याला आई गुळात कडुनिंब कालवून देई, त्याची एकदम आठवण झाली. मी तसे म्हटले. तो नुसता हसला.

मग मी विचारले, "आता पबातल्यासारखी जमली का?"

"तो नाद सोडला," तो म्हणाला. झाले होते असे. दर वेळी तो आपली बाटली घेऊन मनातल्या मनात पबातल्या चवीशी ताडून पाही, आणि दर वेळी काहीतरी चुके. शेवटी त्याने पबातल्या माणसाला विचारले. तो म्हणाला, "कुठल्या दिवशीची चव हवी आहे तुला?" तिथली बिअर पिंपात जिवंत असते, तिच्यात यीस्टचे काम चालूच असते. पिंप उघडले की हवा आत जाते. सोमवारची चव मंगळवारी नाही, आणि तीन दिवसांत पिंप संपवावे लागते. ज्या चवीच्या मागे हा वर्षभर धावत होता ती एका जागी कधी उभीच नव्हती! तेव्हापासून तो आपल्या जिभेला विचारून बिअर करू लागला.

इथवर सारे ठीक होते. वही मिटता मिटता ती माझ्या हातून उलटी झाली आणि मागच्या बाजूने उघडली. तिथेही क्रमांक होते, तारखा होत्या, ग्रॅम होते. पण पदार्थ निराळे: धणे, तीळ, सुके खोबरे, दगडफूल, नागकेशर, लवंग, दालचिनी. वर मथळा: 'आईचा गोडा मसाला'. सात प्रयत्न झाले होते. शेवटच्यापुढे शेरा: 'जवळपास. दगडफूल कमी करून पाहणे.'

आईला जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या मसाल्याची कृती कुणाकडेच नाही. विचारले तर ती म्हणायची, "हाताला येईल तेवढं." तिचा हात गेला आणि प्रमाणही गेले.

"दादा, तू आलास ते बरं झालं," तो म्हणाला. "मला परीक्षा घ्यायची आहे."

बिअर चाखणाऱ्यांची एक रीत आहे. तीन पेले ठेवायचे. दोन एकाच घाण्याचे, एक निराळा. वेगळा कोणता ते ओळखायचे. नुसत्या अंदाजानेही तिघांतला एक बरोबर सांगतो, म्हणून परीक्षा पुनःपुन्हा घ्यायची. त्या रात्री त्याने माझ्यापुढे आमटीच्या तीन वाट्या ठेवल्या. दोन सहाव्या मसाल्याच्या, एक सातव्या. वेगळी ओळख, आणि यातली आईची कोणती ते सांग.

वेगळी मी ओळखली. पण आईची कोणती? मी पहिली वाटी चाखली, दुसरी चाखली, पुन्हा पहिली. पाणी प्यालो, डोळे मिटले. तो समोर पेन्सिल घेऊन बसला होता. मला आठवे ना! चाळिशी उलटेपर्यंत जी आमटी जेवलो तिची चव मला आठवत नव्हती. लवंगेची झणक आठवत होती, असे म्हणालो. तो म्हणाला, छे, लवंग नव्हेच, तिळाचा खमंगपणा होता. आम्ही वाद घातला. दोन प्रौढ माणसे रात्री अकरा वाजता आईच्या आमटीत लवंग होती की नव्हती यावर आवाज चढवून बोलत होती, आणि खरे म्हणजे दोघांचाही घसा दाटून आला होता.

सौ. इतका वेळ ओट्याशी उभी होती. ती हात पुसत आली, तिन्ही वाट्यांतली एकेक पळी चाखली आणि म्हणाली, "भावजी, कुठल्या वर्षीची शोधताय?"

आम्ही दोघे तिच्याकडे पाहतच राहिलो.

"आईंचा मसाला दर उन्हाळ्यात निराळा व्हायचा. तुम्ही कॉलेजात असताना तिखट-मिखट चालायचं, तेव्हा लवंग भरपूर असायची, असं त्याच सांगायच्या. मी लग्न होऊन आले त्या वर्षी मामंजींना पोटाचा त्रास सुरू झाला, तेव्हा त्यांनी लवंग निम्म्यावर आणली. भावजी आधीचा एक उन्हाळा इथे होते, त्यांना तीळ आवडतात म्हणून तीळ वाढवले होते, ते तसेच राहिले. धाकटीला दात येत होते त्या वर्षी दालचिनी कमी. दहा वर्षं मी शेजारी बसून भाजत होते."

"मग तू कधी बोलली नाहीस?" मी विचारले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

बंधुराजांनी पेन्सिल खाली ठेवली. पबातल्या माणसाने जे एका वाक्यात सांगितले होते तेच घरच्या माणसाने सांगितले. आईची कृती नव्हतीच. ती दर वर्षी आमच्याकडे बघून मसाला करीत होती. आम्ही तिचे प्रमाण शोधत होतो, आणि प्रमाण आम्हीच होतो. चवीपुरते म्हणजे कुणाच्या, या माझ्या प्रश्नाचे उत्तर तीन वाट्यांत वाढून ठेवलेले होते.

परतल्यावर मी एक दोनशे पानी वही आणली. दिवाळीची भाजणी दळून आली, त्या संध्याकाळी सौ.ला म्हटले, "मसाल्याचं प्रमाण सांग, लिहून घेतो. धाकट्याला पाठवू." ती पोळपाट धुवायला ठेवून माझ्यापाशी येऊन बसली. मी छानदार अक्षरात मथळा घातला: गोडा मसाला.

तिने मला तिथेच अडवले.

"अहो, नुसतं गोडा मसाला नका लिहू. वर्ष घाला."